झोपेत सायकल मारल्यासारखे पाय, आरडाओरडा, अर्ध्या मिनिटात शांत: हे 'बाहेरचं' नाही, फिट आहे

गोदाकाठ

नमस्कार. मी गंगाखेडकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय माझ्या धाकट्या भावाचा आहे. त्याला विचारूनच लिहितेय.

२०१५ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. तो तेव्हा चौदा वर्षांचा. कापूस वेचणीचे दिवस, घरातले सगळे दमून झोपलेले. रात्री अडीचच्या सुमारास तो एकदम ओरडला आणि अंथरुणात दोन्ही पायांनी सायकल मारल्यासारखं करू लागला. कंबर उचलून आपटायचा, हातांनी उशी बडवायचा. डोळे सताड उघडे आणि चेहऱ्यावर अशी भीती, की आईनं देवाचा धावा सुरू केला. वडील धरायला गेले, त्यांना छातीत लाथ बसली. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. तो उठून बसला आणि म्हणाला, "आई, रडू नको, पाणी दे." त्या रात्री असं चार वेळा झालं. चारही वेळा तस्संच, आधी ओरडणं, मग पाय, मग कंबर. क्रमसुद्धा बदलला नाही.

आमच्याकडं फिट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: माणूस पडला, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, शुद्ध गेली. हा तर शुद्धीवर असायचा, लगेच बोलायचा. म्हणून गल्लीत सगळ्यांचं एकमत झालं, बाहेरचं आहे. लिंबू उतरवले, अंगारा लावला, दर्ग्यात गुरुवार केले. मी विज्ञानाची शिक्षिका, तरी आईबरोबर गेले. तिचा जीव तुटत होता आणि माझ्याकडं तिला द्यायला दुसरं उत्तर नव्हतं.

एका खाजगी दवाखान्यात ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद, काढला, नॉर्मल आला. दुसऱ्या ठिकाणी काढला, तोही नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मुलगा लक्ष वेधून घेण्यासाठी करतोय, अभ्यासाचा ताण आहे. या एका वाक्यात आमची चार वर्षं गेली. घरातही मग त्याच्यावर ओरडणं सुरू झालं. ती चार वर्षं मला आजही झोपू देत नाहीत.

बदल झाला तो एका वहीमुळे. शेतीची लाईट आठवडा-आठवडा रात्रीची असते. त्या आठवड्यात भाऊ वडिलांबरोबर पाण्याला दारं धरायला जायचा, पहाटे येऊन पडायचा. माझ्या लक्षात आलं, की त्या आठवड्यात त्रास दुप्पट होतो. मग मी तारीख, वेळ, किती सेकंद, सगळं लिहायला लागले. आणि कोनाड्यात मोबाईल लावून, झिरोचा बल्ब पेटता ठेवून रात्रभर रेकॉर्डिंग केलं. अकरा रात्री, सदतीस वेळा. सर्वांत लहान १८ सेकंद, सर्वांत लांब ४७.

संभाजीनगरच्या एका न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांनी तिसरा व्हिडिओ बघून मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाले, "ही फिट आहे. हायपरमोटर, म्हणजे अती हालचालीची, म्हणतात हिला, आता नवं नाव हायपरकायनेटिक. मुलगा नाटक करत नाही." आई तिथंच रडली. रात्रीची फिटची गोळी, कार्बामॅझेपिन, सुरू झाली. रोजच्या तीन-चारवरून आठवड्याला दोन-तीनवर आलं. पूर्ण थांबत नाही, दुसरी गोळी जोडूनही नाही.

आता ऑपरेशन करता येईल का हे बघायला त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत पुढच्या तपासण्यांचं ठरतंय. ३ टेस्लाचा एमआरआय दोनदा झाला, दोन्ही स्वच्छ. माझा प्रश्न असा. मेंदूच्या कोणत्या पट्टीतून पाय हलतात, कोणत्या भागातून हात, याचं चित्र पुस्तकांत असतं. मग याचे पाय हलतात तर जागा ठरलेलीच नाही का? डॉक्टर म्हणतात, "हालचाल दिसते तिथं सुरुवात नसते, हे नेटवर्कचं काम आहे." वेळ कमी होता, विचारायचं राहिलं. कुणी समजावून सांगाल का?

ज्वारीचं_कणीस

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझा मावसभाऊ हिंगोलीला असतो, त्याचं डिट्टो हेच. घरचे म्हणतात, स्वप्नात घाबरतो. वय एकवीस. मी आजच त्याच्या खोलीत मोबाईल लावायला सांगतो.

ईईजी_लातूर

मी लातूरला ईईजी काढतो, बारा वर्षं झाली. ताईंच्या दोन नॉर्मल रिपोर्टांबद्दल आधी बोलतो, कारण याच कागदानं कितीतरी घरं फसतात.

साधा ईईजी वीस ते तीस मिनिटांचा. डोक्यावर एकवीस तारा. खाली कवटी, तिच्याखाली मेंदू. मेंदूच्या पृष्ठभागाचा किमान सहा चौरस सेंटिमीटर आणि बहुतेक वेळा त्याहून मोठा तुकडा एकदम पेटला, तरच वर काही उमटतं. दोन गोलार्धांच्या मधल्या भिंतीत, डोळ्यांच्या खोबणीवरच्या भागात किंवा खोल घडीत काही चाललं असेल तर वरच्या तारांना पत्ता लागत नाही. आणि फिट प्रत्यक्ष मशीनवर आली, तरी पेशंट इतका हलतो की सगळ्या रेघा स्नायूंच्या खळबळीनं काळ्या होतात. मी असे कागद कितीतरी पाहिले. काळा पट्टा, आणि पुढं पुन्हा नॉर्मल रेघ. म्हणून "ईईजी नॉर्मल, म्हणजे फिट नाही" हे वाक्य चुकीचं आहे. ईईजीत काही सापडलं तर ते कामाचं, पण काही सापडलं नाही म्हणून फिट नाही, असं ठरत नाही.

ज्वारीचं_कणीस, मोबाईल लावणार असाल तर एक ऐका. लोक फिट सुरू झाल्यावर मोबाईल उचलतात आणि नेमकी पहिली दहा सेकंदं हुकतात. डॉक्टरांना हवी असतात तीच. कॅमेरा रात्रभर चालू राहू द्या. गोधडी पायांवरून बाजूला, चेहरा आणि पाय दोन्ही चौकटीत. थंडी असेल तर पायमोजे घाला, पण पांघरूण पातळ ठेवा. थांबल्यावर त्याला नाव विचारा, एखादी वस्तू दाखवून "हे काय" विचारा, तेही रेकॉर्ड होऊ द्या.

मांजरापट्टा

गोदाकाठ ताई, मी न्यूरॉलॉजीत काम करतो, मूळचा लातूर जिल्ह्यातला, सध्या बाहेरगावी. तुमची वही आणि तुमचे व्हिडिओ म्हणजे अर्धं निदान आहे. तुमच्या डॉक्टरांचं बोलणं बरोबर आहे, आणि विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तकातली ती पट्टी खरीच आहे. पण फिट तिथून सुरू झाली तर वेगळी दिसते. एका हाताचा अंगठा उडायला लागतो, मग मनगट, मग तोंडाची ती बाजू. ठेक्यात झटके, एकाच बाजूला, क्रमानं सरकत जाणारे. तुमच्या भावाचं तसं नाही. त्याचे दोन्ही पाय मिळून काम करतात, कंबर आणि खांदे जोरात हलतात, आणि प्रत्येक हालचाल निरोगी माणूसही करतो तशी आहे: पळणं, लाथ मारणं, सुटू बघणं. म्हणजे स्नायूंना थेट हुकूम देणारी पट्टी इथं स्वतःहून पेटलेली नाही. तिच्या वरची व्यवस्था बिघडली आहे.

तुम्ही परभणीच्या, जायकवाडीचा डावा कालवा तुम्हाला सांगायला नको. पाणी तुमच्या वावरात शिरलं म्हणजे कालवा तुमच्याच बांधाशी फुटला असं नसतं. फुटला असेल चार कोस वर. चाऱ्यांमधून, उतारानं, वाट मिळेल तसं पाणी आलं आणि तुमच्या सखल वावरात साचलं, तेव्हा तुम्हाला दिसलं. पाय हलणं म्हणजे ते साचलेलं पाणी. ऑपरेशन करणाऱ्याला मात्र फुटलेली जागा हवी असते.

आता चाऱ्या कुठल्या, ते बघू. कपाळामागचा फ्रंटल लोब मागून पुढं पाहत गेलं तर काम बदलत जातं. मागच्या टोकाला साधे झटके आणि ताठरणं. जितकं पुढं आणि आत जावं तितक्या हालचाली गुंफलेल्या, हेतू असल्यासारख्या होतात, आणि अगदी पुढं-खाली गेलं की त्यांत भीती मिसळते. फ्रान्समधल्या मार्सेच्या गटानं २०१४ साली ५४ रुग्णांच्या फिट्स आणि मेंदूतल्या नोंदी शेजारी ठेवून हा उतार दाखवून दिला. त्याआधी, २००८ साली, हायपरमोटर फिटचे दोन प्रकार मांडले गेले होते. एकात प्रचंड धडपड, लाथा-बुक्क्या, चेहऱ्यावर भय. त्याची ओढ डोळ्यांवरच्या आतल्या भागाकडं. दुसऱ्यात अंथरुणावर पडल्या पडल्या कंबर-धड आडवं फिरवणं. त्याची ओढ मधल्या भिंतीच्या जरा मागच्या भागाकडं. ताईंच्या भावाचं वर्णन पहिल्याशी जुळतं. जुळतं म्हणून जागा नक्की झाली, असं मात्र नाही. कारण पुढं येतं.

भीतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण 'बाहेरचं' वाटायचं कारणच ती भीती. डोळ्यांवरचा ऑर्बिटोफ्रंटल भाग आणि कानशिलाच्या आतला अमिग्डला हे एरवी एकमेकांशी सतत बोलत असतात. अमिग्डला घाबरतो, समोरचा भाग त्याला आवरतो. २००५ साली मार्सेच्याच गटानं अशा फिट्समध्ये मेंदूच्या आत ठेवलेल्या तारांनी मोजून दाखवलं, की भीतीचं वागणं सुरू होतं तेव्हा या दोन भागांतला ताळमेळ तुटलेला असतो. नुसता एखादा भाग जास्त पेटला एवढंच नाही, दोघांमधलं बोलणं बंद पडलं. नेटवर्क शब्दाचा खरा अर्थ मला तिथं कळला. चेहऱ्यावर दिसलेलं भय घरच्यांना खरं वाटलं, कारण ते भय खरंच होतं. फक्त त्याला समोर कारण नव्हतं.

आणि पाय? चालणं, पळणं, पोहणं यांच्या तयार चाली मेंदूच्या खोडात आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत साठवलेल्या असतात. १९११ साली ग्रॅहम ब्राऊन यांनी मांजरावर दाखवलं, की मेंदूपासून तोडलेला मज्जारज्जूही पावलं टाकण्याचा ठेका स्वतः निर्माण करतो. आपल्याकडं गाडीवान झोपला तरी बैल घरची वाट चालतात, तसंच. पण कासरा हातातून सुटला आणि बैल बुजले तर ते उधळतात. इटलीतल्या तासिनारी यांनी २००५ साली मांडलं, की या फिट्समध्ये वरच्या मेंदूचा कासरा सुटतो आणि खालच्या तयार चाली मोकळ्या होतात. झोपेत घाबरून उठणाऱ्या निरोगी मुलांच्या हालचाली याच्याशी इतक्या जुळतात, त्याचंही कारण त्यांनी तेच दिलं: चाली त्याच, सोडणारं कारण वेगळं. ही कल्पना अजून पुरी सिद्ध नाही, पण रोज रुग्ण पाहताना मला ती पटते.

शेवटचं. या चाऱ्यांमध्ये पाणी सोडणारी जागा फ्रंटल लोबमध्येच असते असंही नाही. काहींमध्ये सुरुवात कानशिलामागच्या टेम्पोरल लोबमध्ये, काहींमध्ये खोल घडीत दडलेल्या इन्सुला या भागामध्ये, काहींमध्ये पार मागं पॅरायटल लोबमध्ये असते. तिथं पहिली काही सेकंदं बाहेरून काहीच दिसत नाही. वीज पसरून पुढच्या नेटवर्कमध्ये पोचली की मग पाय. म्हणून हालचाल कितीही जोरदार असो, पत्ता सांगतं ते तिच्या आधीचं. ताई, भावाला एकच विचारा: पाय हलण्याच्या आधी, अगदी आधी, त्याला काय जाणवतं?

वेशीपाशी

बाई, मी वयानं मोठा हाय, कंधार तालुक्यातला. नातू टाईप करून देतो, मी सांगतो. तुझं वाचून माझी थोरली अक्का डोळ्यापुढं आली. बहात्तरच्या दुष्काळात तिचं लगीन झालं. रातच्याला पाय झाडायची, वरडायची, अंथरुणातून गडगडत जायची, मग गप. सकाळी भाकरी थापायला सगळ्यांच्या आधी. सासरच्यांनी लागीर हाय म्हणून माघारी धाडली. आमच्या बापानं लई देव केले. पुढं ती दुसऱ्या आजारानं गेली, पण तिच्या माथ्यावरचा तो शिक्का काही गेला न्हाई. डॉक्टर, तिला हेच आसंल का?

मांजरापट्टा

काका, इतक्या वर्षांनी, न तपासता, मी ठामपणे सांगणं बरोबर नाही. पण झोपेतच येणं, थोडा वेळ, दर वेळी तसंच, आणि सकाळी पूर्ण ठीक, हे वर्णन या आजाराशी नीट जुळतं. आणि अक्कांच्या तरुणपणी जगात कुठंही याला नाव नव्हतं, काका. १९८१ साली इटलीतल्या बोलोन्याच्या लुगारेसी आणि चिरिन्योत्ता यांनी असे पाच रुग्ण पहिल्यांदा नीट मांडले. ईईजी नॉर्मल होता, म्हणून ही फिट की झोपेचा आजार, यावर मोठमोठे डॉक्टर पुढं कित्येक वर्षं भांडले. रुग्णांना फरक कार्बामॅझेपिननं पडत होता, ही गोष्ट मात्र पहिल्यापासून दिसत होती. आज वापरतात ते नाव, झोपेशी निगडित हायपरमोटर एपिलेप्सी, हे २०१४ साली बोलोन्यातच भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून आलं. तुमच्या वडिलांनी त्या काळात जे हाती होतं ते सगळं केलं.

तेरणाकाठ

काकांच्या अक्कांबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी धाराशिवला वकिली करते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं एपिलेप्सी हा शब्द वेडेपणाच्या शेजारी बसवलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो काढून टाकला. आज निव्वळ फिट येते म्हणून लग्न रद्द ठरवता येत नाही. पण माझ्याकडं अजूनही आईबाप मुलीची गोळी लपवून लग्न लावायचं विचारायला येतात. मी त्यांना सांगते, लपवू नका. लपवलेली गोळी सासरी चुकते, आणि गोळी चुकली की काय होतं ते इथं लिहायला नको.

सिंदफणा

मी बीड जिल्ह्यात आशा आहे. माझ्या वस्तीवरची निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्याला जातात. परवा एक टोळी माघारी आली, त्यातल्या एका बाईनं सांगितलं, तिचा नऊ वर्षांचा पोरगा रात्री कोपीत उठून ओरडतो, पाय झाडतो. एकदा चुलीच्या निखाऱ्याजवळ गेला. आईबाप पहाटे तीनला उठून फडात जातात, पोरगंही सोबतच उठतं. त्याला चप्पल हुंगवतात, हातात किल्ल्यांचा जुडगा देतात, चौघं मिळून दाबून धरतात. मी काय सांगू त्यांना? आणि हे स्वप्नात घाबरणं की फिट, कसं ओळखायचं?

मांजरापट्टा

सिंदफणा ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत निकडीचा आहे.

आधी धरण्याबद्दल. दाबून धरू नका. धरल्यानं फिट थांबत नाही, उलट त्याचा खांदा किंवा धरणाऱ्याचा दात जातो. चप्पल, कांदा, लोखंड यांचा उपयोग नाही. ती थांबते ते तिचा वेळ संपला म्हणून. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. त्याचं अंथरूण चुलीपासून लांब, जमिनीवर, कोयते-विळे नसतील अशा कोपऱ्यात. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एकामागून एक येत राहिली आणि मधे शुद्ध आली नाही, तर थेट दवाखाना.

ओळखायचं कसं? झोपेत घाबरणारं मूल साधारणपणे झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत, रात्रीतून एखाद्या वेळी उठतं, कित्येक मिनिटं रडतं, दर वेळी वेगळं वागतं, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. मोठं होताना ते बहुधा आपोआप जातं. फिट थोड्या सेकंदांची, दोन मिनिटांच्या आत, अचानक सुरू आणि अचानक बंद, रात्रीतून अनेकदा, आणि दर वेळी तीच. काही मुलांना सगळं आठवतंही. साठीच्या आजोबांनी पहाटे स्वप्नात कुणाशी तरी मारामारी केली, तर तो आणखी तिसराच आजार. जागेपणी, डोळे घट्ट मिटून, कमी-जास्त होत पंधरा-वीस मिनिटं चालणारे झटके असतील तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तोही सन्मानानं, 'नाटक' म्हणून नव्हे.

या मुलाला मात्र एकदा डॉक्टरांनी बघायलाच हवं. आपल्या भागात डुकराच्या पट्टकृमीची अंडी अस्वच्छ पाण्यातून, भाजीतून पोटात जाऊन मेंदूत गाठ होणं हे फिटचं नेहमीचं कारण आहे. ते स्कॅनमध्ये दिसतं आणि त्यावर इलाज आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. कार्बामॅझेपिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. मुलगा हंगामाला पुन्हा जाणार असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत बांधून द्यायला डॉक्टरांना सांगा. फडातून कुणी गोळीसाठी तालुक्याला येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गोळी सुरू झाल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं. पहिल्या दोन महिन्यांत हे विशेष सांभाळा.

आणि पहाटे तीनला उठणं. ताईंच्या वहीत रात्रीच्या लाईटनं जे झालं तेच इथं होतंय. झोप मोडली की या फिट वाढतात. त्या मुलाला निदान सकाळपर्यंत झोपू द्यायला आईबापांना पटवता आलं तर बघा.

ज्वारीचं_कणीस

डॉक्टर, या फिट झोपेतच का येतात? आणि मी कुठंतरी वाचलं, की निकोटीननं यात फरक पडतो. मावसभावाच्या वडिलांनी ते ऐकलं आणि त्याला रात्री तंबाखू द्यायला लागलेत.

मांजरापट्टा

ते आजच बंद करायला सांगा.

कुठून आलं ते सांगतो. १९९५ साली काही कुटुंबांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या आजाराचं जनुक सापडलं, सीएचआरएनए४. कारण न दिसणाऱ्या, घराण्यात उतरणाऱ्या एपिलेप्सीचं माणसात सापडलेलं ते पहिलं जनुक. ते मेंदूतल्या ज्या ग्राहकाची (रिसेप्टर, पेशीवरची संदेश पकडणारी जागा) घडण ठरवतं त्याला निकोटीन चिकटतं. हा ग्राहक मेंदूचा पृष्ठभाग आणि खोलातला थॅलॅमस यांच्यातल्या जाग-झोपेच्या ये-जा मार्गावर भरपूर असतो. गाढ नसलेल्या झोपेत मेंदू रात्रभर अर्धवट जाग आणि पुन्हा झोप असे हेलकावे घेतो, आणि त्या हेलकाव्यावरच ही फिट बाहेर पडते. म्हणून मोजक्या रुग्णांवर निकोटीनची पट्टी वापरून पाहिली गेली. तेवढंच. बहुतेक रुग्णांत ते जनुक नसतंच. आता डीईपीडीसी५, केसीएनटी१ अशी बाकीचीही सापडली आहेत. तंबाखूची पुडी हे औषध नाही. तिनं तोंडाचा कर्करोग होतो, आणि आपल्या भागात तो किती घरांत शिरलाय ते आपण सगळे बघतोय.

ईईजी_लातूर

एक शंका, डॉक्टर. ताईंच्या भावाच्या एमआरआयमध्ये डाग नाही. मग आत तारा घालायच्या तर कुठं घालायच्या हे ठरतं कशावरून?

मांजरापट्टा

बरोबर जागी बोट ठेवलंत. आत तारा घालायची ही पद्धत, स्टीरिओ ईईजी, पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात बांको आणि तालैराख यांनी १९५०-६० च्या दशकांत उभी केली. कवटीला बारीक भोकं पाडून एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या तारा खोल उतरवतात, साधारण आठ ते पंधरा. मेंदू मोठा आहे आणि तारा मोजक्या. जिथं तार नाही तिथलं काही कळत नाही. त्यामुळं आधी अंदाज पक्का लागतो: फिट कुठून निघाली असेल, कोणत्या वाटेनं गेली असेल. त्यासाठी पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारी तपासणी, व्हिडिओ ईईजी, आणि रुग्णाचं स्वतःचं सांगणं. जिथं डाग दिसतो, विशेषतः जन्मापासून चुकीची रचना असलेला छोटा तुकडा, ज्याला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया म्हणतात, तिथं ऑपरेशनचा मार्ग बराच सोपा होतो. तो तुकडा एखाद्या घडीच्या तळाशी इतका लहान असू शकतो, की पहिल्या वाचनात सुटतो. म्हणून ताई, जुन्या एमआरआयच्या सीडी नक्की सोबत न्या, नुसता कागदी रिपोर्ट नाही.

गोदाकाठ

मी भाऊ बोलतोय, ताईच्या आयडीवरून. ताईनं डॉक्टरांचा प्रश्न वाचून दाखवला.

मला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, "काय केलंस?" सुरुवात कशी होते ते मी सांगतो. झोपेतून जाग येते ती घसा आवळल्यासारखा वाटून. कुणी आतून दोरी ओढावी तसा. श्वास घ्यायचा असतो, पण गळा उघडत नाही. मग मी ओरडतो. लोकांना वाटतं भुताला बघून ओरडतो, मी ओरडतो कारण गळा मोकळा करायचा असतो. मग पाय सुरू होतात, आणि ते माझे नसतात. दिसतं सगळं. आई रडताना दिसते, ऐकू येतं. त्या पहिल्या रात्री बाबांना लाथ बसली तीही मला दिसली. थांबव म्हणून मी मनातल्या मनात पायांना सांगत होतो. नऊ वर्षांत बाबांनी त्या लाथेचा विषय एकदाही काढला नाही, पण मी त्यांच्या शेजारी झोपायचं सोडलं. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात, मी खाली एकटा.

शाळेत 'नाटक्या' म्हणायचे. ते आता राहू द्या.

मांजरापट्टा

भाऊ, तू हे लिहिलंस त्याचं मोल तुला कदाचित कळणार नाही. सांगतो.

तू शुद्धीवर असतोस, कारण जाणिवेचं नेटवर्क मोकळं राहतं आणि हालचालीचं सापडतं. यात खोटं काही नाही, हे या आजारात वारंवार दिसतं. तुझ्या पायांवर तुझी इच्छा चालत नव्हती. त्या लाथेत तुझा हात नव्हता. बाबांना हा धागा वाचायला दे.

आणि घसा. मेंदूच्या बाजूला एक खोल घडी आहे. तिच्या आत, तिन्ही बाजूंच्या पाळ्यांखाली झाकलेला इन्सुला असतो. घसा, छाती, पोट यांची आतली जाणीव तिथं पोचते. तिथून निघालेली फिट आधी गळा आवळते, कधी हातापायाला मुंग्या आणते, आणि मग पुढच्या, मधल्या भागांत जाऊन हायपरमोटर होते. डोक्यावरच्या तारांना ही जागा दिसत नाही. एमआरआय स्वच्छ असताना फक्त पाय बघून तारा ठेवल्या, तर सगळ्या कपाळामागं जातील आणि इन्सुला सुटेल. इन्सुलाच आहे असं मी म्हणत नाही, शेजारच्या पाळीतूनही घशाची जाणीव येऊ शकते. पण तिथं तार जायलाच हवी, आणि हे त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तू स्वतः सांगायचंस.

एक सांग. घशाबरोबर कुठल्या एका बाजूला मुंग्या, गरमपणा, बधिरपणा? डावी-उजवी हे फार कामाचं आहे.

वेशीपाशी

लेकरा, बापाच्या शेजारी झोप. अंथरूण हातभर लांब घाल, पर शेजारी घाल.

सिंदफणा

त्या पोराचा व्हिडिओ मिळाला. आई सकाळी मोबाईल घेऊन घरी आली. एका रात्रीत पाच वेळा, पाचही सारखे. सोमवारी अंबाजोगाईला नेतेय, मी सोबत जातेय.

गोदाकाठ

ताई लिहितेय. वहीत नवा रकाना आखला, 'आधी काय'. आता तो स्वतः भरतो. मुंग्यांचं विचारलं तर म्हणाला, नीट आठवत नाही, पुढच्या वेळी लक्ष देतो. काल बाबांनी त्याचं अंथरूण उचलून आपल्या खोलीत नेलं. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी एक आली, २२ सेकंद. डॉक्टर, त्याच्या अक्षरात लिहिलंय तसं उतरवतेय: "घसा. मग डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि शेजारचं. मग पाय."